पहिलं दर्शन

“सावलीला दर्शन म्हणत न्हाईत, हनुमंतराव,” सत्यजीत रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून पाय हलवत म्हणाला. “खड्गराज आला तो एकतिसाव्या अंकात. मुखपृष्ठावर, घोड्यावर, नावानिशी. तेच पहिलं दर्शन. बाकी सगळी तुमची श्रद्धा.”

“तिसाव्यात हाय,” हनुमंत म्हणाला. “शेवटच्या पानावर. पाठमोरा.”

“मग दावा की! पाच वर्षं नुसतं ऐकतोय आम्ही.”

दौंड स्टेशनच्या मागे हौसरावच्या रद्दीच्या गोदामात दर रविवारी दुपारी ही चार माणसे जमत. लहानपणी कॉमिक्स सगळेच वाचतात. या चौघांना ती सोडता आली नव्हती, एवढेच. इतिहासाचे त्यांचे स्वतःचे कालखंड होते. पुस्तकाच्या पाठीत पिना असत तो पिनेचा जमाना, पुढे पाने चिकटवू लागले तो डिंकाचा. पिनेच्या जमान्यातही दोन रुपयांचा काळ थोर की तीन रुपयांचा, यावर हौसराव आणि सत्यजीत एकदा दोन महिने एकमेकांशी बोलले नव्हते. आणि खड्गराजासारखा एखादा नायक ज्या अंकात प्रथम दिसला, त्या अंकाला ते ‘पहिलं दर्शन’ म्हणत. हा शब्द कोणी रूढ केला, हे कोणालाच आठवत नव्हते. हनुमंत मात्र तो देवळात उच्चारावा तसा उच्चारी.

तिसाव्या अंकाची गोष्ट मोठी विलक्षण होती. त्याच्या शेवटच्या पानामागे एक कूपन छापले होते. ते कापून पाठवले की पत्र्याचा बिल्ला घरपोच येई. मुलांनी कात्र्या चालवल्या. कूपनाबरोबर पलीकडच्या बाजूचे शेवटचे चित्रही गेले. एका पिढीने एका बिल्ल्यापायी आपला पुरावा आपल्याच हातांनी कापून टाकला होता. आज कोणाकडेही तिसावा अंक निघाला, तर त्याच्या शेवटच्या पानाला चौकोनी भोक असे.

आता सत्यजीत सगळ्या पहिल्या दर्शनांची यादी छापणार होता. शिरूरच्या छापखान्यात पाने गेली होती. एकदा छापले की तेच खरे होणार होते, आणि हनुमंत कायमचा खोटा. पहिल्या दर्शनाच्या अंकाला मोठा भाव येई, आणि सत्यजीतच्या कपाटात एकतिसाव्या अंकाच्या सहा प्रती होत्या, हेही सर्वांना ठाऊक होते.

हनुमंतने पिशवीतून, आजवर घराबाहेर न आणलेले, प्लॅस्टिकचे पाकीट काढले. शिक्रापूरच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. उरलेल्या तीन बोटांनी त्याने अंक इतक्या हळुवारपणे बाहेर काढला, की हौसरावच्या तोंडातली सुपारी थांबली.

“आयला,” हौसराव पुटपुटला. “भोक न्हाई.”

भोक नव्हते. पण चित्रावर पिवळ्या रंगाचा जाड थर होता. त्यातून घोड्याचा पुठ्ठा दिसत होता, एक तलवार, आणि टापांजवळ एक कुत्रे. स्वाराची पाठ पिवळ्यात बुडाली होती.

“हे काय?” सत्यजीतचा मित्र पृथ्वीराज हसला. “पिठलं सांडलंय का ह्याच्यावर?”

“भंडारा हाय,” हनुमंत म्हणाला.

त्या पानाला पहिल्यांदा पिवळे लागले तेव्हा हनुमंत दहा वर्षांचा होता. केंदूरचे त्यांचे बिऱ्हाड मेंढरांमागे वडगाव रासाईच्या नदीकाठी उतरले होते. पाचसहा कॉमिक्स अंगरख्यात दडवून तो राखणीला बसला होता आणि वाचता वाचता जग विसरला होता. लांडगा आला तो त्याला दिसलाच नाही. गाभण मेंढीचे पोट फाटलेले होते, न जन्मलेले कोकरू मातीत पडले होते, आणि बाप, हरिबा, त्याच्यासमोर उभा होता. हरिबाने ते ओले कोकरू उचलून पोराच्या तोंडावर मारले. मग काठी घेतली. काठी मोडली, तेव्हा हातांनी मारले. कानातून रक्त आले तरी मारले. शेवटी पुस्तके गोळा करून त्याने तीन दगडांच्या चुलीत कोंबली.

त्या वेळी जाळात हात घालणारी म्हाळसा होती. त्याची आई. तिला अक्षर येत नव्हते. पण वाऱ्याने एका पुस्तकाचे शेवटचे पान उलटले होते आणि तिला जे दिसायचे ते दिसले होते.

“अवो, देवाला जाळताय व्हय!” ती किंचाळली होती. “घोडा हाय, तलवार हाय, कुत्रं हाय! कोन हाय ह्यो, वळखलं न्हाई का तुमी?”

तिच्यावर उगारलेला हरिबाचा हात तिथेच थांबला. घोडा आणि कुत्रे तर त्यांच्याही बिऱ्हाडाबरोबर चालत होते.

त्या रात्री पोराच्या सुजलेल्या तोंडावर हळद लावताना ती म्हणाली, “पाठ दावतोय म्हून रुसला न्हाई त्यो. म्होरं चाललाय. आपल्याला वाट दावतोय.” उरलेल्या हळदीची बोटे तिने चित्राला पुसली. पुढे दर रविवारी ती त्याला भंडारा लावी. बिल्ल्याच्या मोहाने हनुमंतने एकदा कातर उचलली, तेव्हा तिने भाजलेल्या हाताची एकच चपराक दिली होती. “देवाला कातर लावतूस व्हय रं?” तिच्या हातून त्याने खाल्लेला तेवढाच मार.

ती जाऊन सहा वर्षे झाली. त्या पानावर तिच्या बोटांचे ठसे अजून होते.

“असं कसं मानायचं?” सत्यजीत म्हणत होता. त्याने अंक आपल्या मांडीवर ओढून घेतला होता. “ह्या हळदीखाली खड्गराज हाय का वरातीतला नवरा, कुणाला ठाऊक? त्याच्या ढालीवर सूर्य असतो. तो दिसला तर मी मानतो. शब्द हाय माझा.”

“डाग ऱ्हाऊ दे, सत्यजीतदादा. तसंच बघा,” हनुमंत म्हणाला.

“आन् डागामुळं भावही पडतो तुमचा. थांबा जरा.” त्याने खिशातून मऊ खोडरबर काढले. जुनी पाने स्वच्छ करायला ही मंडळी ते जवळच बाळगत.

“हात लावू नका.”

“अवो, निघतंय बघा—”

खोडरबर दोनदा फिरले. तिसऱ्यांदा फिरले. पिवळे चुरे सत्यजीतच्या बुटांजवळ सांडले.

वजनकाट्यावरचे दोन किलोचे लोखंडी वजन आपण कधी उचलले, हे हनुमंतला नंतर कधीच सांगता आले नाही. सत्यजीतच्या कानावर ते बसले तेव्हा सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. सत्यजीत कोसळला. त्याच्या मुठीत पान होते. ते त्याच्याबरोबर फाटत गेले आणि तो बारीक, लांबट आवाज हनुमंतला सत्यजीतच्या किंचाळण्याहून मोठा ऐकू आला. तरी तो थांबला नाही. त्याने दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसऱ्यासाठी हात वर गेला, आणि त्या हाताची सावली भिंतीवर पडली.

ती सावली त्याने ओळखली. नदीकाठी, पस्तीस वर्षांपूर्वी, ती अशीच त्याच्यावर पडली होती. हा हात हरिबाचा होता.

वजन त्याच्या तीन बोटांतून निसटले.

मग पृथ्वीराज त्याच्यावर तुटून पडला. त्याने गुडघा पोटात घातला, डोके धरून लोखंडी काट्यावर आपटले. “मारतो व्हय रं आमच्या माणसाला? मारतो?” ओठ फाटला, दात हलला. पडल्यावर बरगड्यांत लाथा बसू लागल्या. हनुमंतने हात उचलला नाही. मार कसा खायचा, हे त्याला लहानपणापासून येत होते.

“बास!” हौसराव मध्ये पडला. “मारून टाकतूस का त्याला? रिक्षा बोलीव आधी. ह्याचं रगात बघ किती चाललंय!”

पृथ्वीराज फोन काढत बाहेर धावला. सत्यजीत गठ्ठ्याला टेकून बसला होता. कानावर दाबलेल्या रुमालातून रक्त त्याच्या कोपरापर्यंत ओघळत होते. मांडीवर पानाचा अर्धा तुकडा होता. तो त्याने उजेडाकडे धरला.

“मामा,” त्याने हौसरावला हाक मारली. “सूर्य हाय.”

हौसराव वाकला. खोडरबराने पुसलेल्या जागी स्वाराच्या पाठीवरची ढाल उघडी झाली होती. ढालीवर आठ किरणांचा सूर्य होता, एकतिसाव्या अंकाच्या मुखपृष्ठावर होता तसाच. फाटलेली रेघ त्याच्या खालून गेली होती. घोडा आणि स्वार एका तुकड्यावर राहिले होते. कुत्रे दुसऱ्यावर.

“तिसावाच,” हौसराव म्हणाला. “हेच पहिलं दर्शन. यादीत तसं घालावं लागंल तुला.”

“घालतो,” सत्यजीत म्हणाला. त्याचे दात वाजत होते. “नाव काय लावू, हनुमंतराव? कुणाची प्रत म्हणून?”

हनुमंत गुडघ्यांवर आला होता आणि फरशीवरून हात फिरवत होता. खोडरबराचे पिवळे चुरे इकडेतिकडे उडाले होते. काही बुटाखाली चिरडले होते, काही रक्ताला चिकटले होते. तो एकेक चुरा तीन बोटांच्या चिमटीत धरून डाव्या तळहातावर ठेवत होता. ओठातले रक्त फरशीवर पडू नये म्हणून त्याने मान एका बाजूला वळवली होती.

“हनुमंता,” हौसराव हलक्या आवाजात म्हणाला, “बाहेर पृथ्वीराज पोलिसांला बी फोन करतोय. निघ तू. मी बघतो हितलं.”

“न्हाई मामा. येऊ द्या त्यांला. मारलंय मी.” त्याने मान वर केली नाही. “एवढं उचलू द्या फकस्त. पायदळी जाईल.”

बाहेर रिक्षा थांबली. तिच्या आवाजासरशी सत्यजीतने उठण्यासाठी पाय टेकायचा म्हणून पुढे केला, खाली पिवळे चुरे पाहिले, आणि तो पाय तसाच अधांतरी धरून ठेवला.

हौसरावने दोघांकडे पाहिले. मग त्याने आपल्या वहाणा काढल्या, हाताने उचलून दाराबाहेर नेऊन ठेवल्या, आणि अनवाणी परत येऊन हनुमंतच्या शेजारी फरशीवर वाकला.