उज्ज्वलाच्या उजव्या डोळ्यातून

मी बोलतेय, उज्ज्वलाच्या उजव्या डोळ्यातली लेन्स. नखाएवढी, मऊ आणि सध्या फार घाबरलेली.

यवतमाळच्या एका चष्म्याच्या दुकानातून तिने मला आणि माझ्या डाव्या बहिणीला आणलं. दुकानदाराने बजावलं होतं, "रोज काढायच्या. झोपताना तर घालायच्याच नाहीत." तिने मान हलवली. मान हलवण्यात माणसं मोठी तरबेज असतात.

मी बुबुळावरच्या ज्या पारदर्शक पडद्यावर बसते, त्यात रक्ताची एकही नळी नाही. तो बिचारा आसवांत विरघळलेल्या हवेवर जगतो. मी बसले की त्याचा श्वास थोडा अडतोच. दिवसा तो सोसतो, पण पापणी मिटली की हवा आणखी घटते. तेव्हा मी डबीत असायला हवं.

ती घरी गेली तेव्हा चष्मा दिसेना, तशी उमरखेडजवळच्या बंजारा तांड्यावर तिची आई रामीबाई हरखून गेली. लेकीचा चष्मा उतरावा म्हणून तिने जगदंबेला नवस बोलला होता. "देवीनं ऐकलं," असं सांगत ती नवस फेडायला अनवाणी फिरू लागली. खरं सांगायला उज्ज्वलाची जीभ रेटेना.

मग तीजेचा सण आला. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात आणि गाणी म्हणत नऊ दिवस त्यांना पाणी घालतात. उज्ज्वला दोनच दिवसांसाठी आली होती. चष्मा यवतमाळच्या खोलीवर, आम्हाला ठेवायचं औषध जेमतेम. मैत्रिणींनी हट्टाने थांबवून घेतलं. औषध संपलं. आम्हाला काढलं तर बुडवायचं कशात, आणि आमच्याशिवाय दिसायचं कसं? तिने काढलंच नाही.

त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी तिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. पडदा सुजत होता आणि मी त्याला चिकटून बसले होते. काढ गं मला, असं मी किती विनवलं. पाचव्या दिवशी डोळा लालभडक झाला.

रामीबाईला वाटलं, डोळे आले. "डोयात काही गेलं काय?"

"नाही, याडी," उज्ज्वला आईला म्हणाली.

आईने दुधात भिजवलेला कापूस ठेवून उजव्या डोळ्यावर घट्ट पट्टी बांधली. मायेनेच बांधली, पण उरलीसुरली हवाही बंद झाली. बहिणीकडे निदान दिवसा तरी वारा येत होता. माझ्याखाली जखम चिघळत गेली आणि मला हलताही येईना.

दोन दिवसांनी वडील हरिसिंग मायलेकींना गाडीवर बसवून उमरखेडच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "लेन्स वापरतेस का?"

"कायले लागते? तिचा चष्मा देवीनं उतरवला," आईच उत्तरली.

उज्ज्वला आता बोलली नाही तर डोळा जातो, या भीतीने मी अर्धमेली झाले.

"याडी, देवीनं नाही उतरवला. मी खोटं बोलली. लेन्स आत हाये."

रामीबाई रागावली नाही. बाईंनी आम्हा दोघींना काढल्यावर तिने लेकीचा डावा डोळा तळव्याने झाकला. "मी दिसून राह्यली काय तुले?"

"ढगावानी दिसते, याडी."

"जखम खोल आहे," बाई म्हणाल्या. "नजर किती परत येते ते आठ दिवसांनी सांगता येईल."

मी ट्रेमधल्या कापसावर सुकत चालले आहे. तुमच्या डोळ्यात माझ्यासारखी कुणी असेल, तर झोपण्याआधी तिला काढा, आणि डोळा दुखला तर ती आहे हे लपवू नका. मला आता कचऱ्यात टाकतील. आठ दिवसांनी उज्ज्वलाला आईचा चेहरा दिसला की नाही, हे मला कधीच कळणार नाही.