राणीला माहीत होतं

गिरिजा साताऱ्याहून दिल्लीला आली ती यूपीएससीची तयारी करायला. शेवटचा प्रयत्नही वाया गेल्यावर घरी परतायला मन होईना, म्हणून तिनं पहाडगंजजवळच्या एका मराठी शाळेत नाटकाचा तास घ्यायचं काम धरलं. कॉलेजात असताना तिनं एकांकिका केल्या होत्या, तेवढंच भांडवल.

मुख्याध्यापिका अरुणाबाईंनी तिच्या हातात एक जुनं संगीत नाटक ठेवलं. "तिसरीची मुलं आहेत. यातला एक प्रवेश स्नेहसंमेलनात बसवा. जुनी नाटकं यांच्या कानावरून तरी जाऊ देत."

प्रवेश साधा होता. राजकुमार लढाईत मारला गेला आहे, पण म्हाताऱ्या राणीला कुणी ते सांगत नाही. जो तो येतो आणि राजकुमार कसा जिंकतोय याचंच वर्णन करतो. शेवटी निरोप्या येतो, खरं सांगतो आणि मुजरा करून निघून जातो.

मुलांना भाषा झेपेना. "ताई, निरोप्या म्हणजे डिलिव्हरीवाला का?" धीरजनं विचारलं. गिरिजानं पुस्तक मिटलं आणि बाकं भिंतीला लावली. आधी सगळ्यांनी राजवाड्यात चालतात तसं चालायचं. मग वाईट बातमी पोटात दडवून हसत चालायचं. ते मुलांना लगेच जमलं. मार्क कमी पडले की घरी असंच जायचं, म्हणाली देवयानी.

पुढच्या आठवड्यात गिरिजानं वर्गाच्या मधोमध एक खुर्ची ठेवली. खुर्चीत बसेल ती राणी. बाकीच्यांनी तिला काहीही विचारायचं आणि तिनं राणी होऊनच उत्तरं द्यायची. केतकी बसली. ती दिल्लीतल्याच द्वारका भागातून यायची. तिचे आजोबा, म्हणजे आबा, रोज मेट्रोनं तिला आणायचे-न्यायचे. नातीनं मराठी शाळेतच शिकावं हा त्यांचाच हट्ट होता. अलीकडे मात्र ती व्हॅननं येत होती आणि आबा अकोल्याला गेलेत असं सांगत होती.

"राणीसाहेब, तुमचा मुलगा कधी येणार?" धीरजनं विचारलं.

"तो येणार नाही," केतकी म्हणाली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. मला माहीत आहे."

"कसं काय?"

केतकी खुर्चीत सरळ बसली. मग म्हणाली, "त्यांचं ऐकायचं मशीन कपाटातच आहे. ते मशीनशिवाय कुठंच जात नाहीत."

वर्ग हसला. राजकुमाराला कसलं मशीन, यार, असं कुणीतरी म्हणालं. गिरिजा हसली नाही. तिनं शांतपणे विचारलं, "मग राणीसाहेब, तुम्ही कुणाला विचारत का नाही?"

"विचारलं तर सगळे रडतील. आत्ता कुणी रडत नाही."

गिरिजानं टाळी वाजवून खेळ संपवला आणि सगळ्यांना पाणी प्यायला पाठवलं. केतकी खुर्चीतून उठताना गिरिजानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण काही विचारलं नाही. हे विचारणं आपलं काम नाही, एवढं तिला कळत होतं. त्याच दुपारी तिनं केतकीच्या आईला, संपदाला, फोन केला.

संपदा ऑफिसातून परस्पर शाळेत आली. गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही राहून गेलं होतं. गिरिजानं घडलं ते सगळं सांगितलं. संपदा आधी ताठरली.

"आम्ही सांगणारच होतो. परीक्षा झाली की. ती आबांशिवाय जेवायचीसुद्धा नाही, मॅडम. एकदम कसं सांगणार?"

"मी तुम्हाला चुकीचं म्हणत नाहीये."

संपदानं खिडकीबाहेर पाहिलं. "खरं सांगू? परीक्षेचं निमित्त आहे. माझ्या नवऱ्याला, अनुरागलाच, अजून त्यावर बोलता येत नाही. घरात 'आबा गेले' हे शब्द आम्ही उच्चारलेलेच नाहीत. त्याला हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा तो मीटिंगमध्ये होता, घेतला नाही त्यानं. तेव्हापासून तो हसून बोलतो सगळ्यांशी. मला भीती वाटते त्या हसण्याची."

गिरिजाच्या मनात आलं, आपण यांच्यापेक्षा लहान, लग्न नाही, मूल नाही. तरी ती म्हणाली, "ताई, तिला सगळं ठाऊक आहे. ती तुम्हाला दोघांना जपतेय."

संपदानं ओढणी तोंडाला लावली. शिपाई वर्ग बंद करायला आला, तो तिला पाहून परत गेला.

त्यानंतर केतकी काही दिवस शाळेत आली नाही. गिरिजाला धास्ती वाटायला लागली. नको तिथं आपण हात घातला की काय? मग एके सकाळी केतकी आली. डोळे सुजलेले होते, पण प्रार्थनेनंतर ती आपण होऊन गिरिजाजवळ आली.

"बाबांनी सांगितलं. आबा वारले. मी रडले, पण बाबा माझ्यापेक्षा जास्त रडले. मग मी त्यांना पाणी दिलं." पुढं ती म्हणाली, "ताई, मला राणी नको. मला निरोप्या व्हायचंय."

"निरोप्याची वाक्यं फार लांब आहेत गं."

"मी पाठ करीन."

आणि तिनं खरंच पाठ केली. 'वृत्तांत' म्हणताना जीभ अडखळायची, तर व्हॅनमध्येही तेवढाच शब्द घोकायची. राणीचं काम देवयानीकडे गेलं.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी हॉल भरला होता. संपदा आणि अनुराग शेजारी शेजारी बसले होते. केतकी फेटा बांधून रंगमंचावर आली. सगळी वाक्यं तिनं न चुकता म्हटली, राजकुमार आता परतणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. मग मुजरा केला. आता तिनं निघून जायचं होतं. पण ती गेली नाही. राणीच्या सिंहासनाशेजारी खाली मांडी घालून बसली.

"जा ना," देवयानी कुजबुजली. ते माईकमधून सगळ्यांना ऐकू आलं. लोक हसले. केतकी बसूनच राहिली. विंगेत गिरिजाच्या बाजूला अरुणाबाई उभ्या होत्या. पडदा ओढणाऱ्याला त्यांनी हातानंच थांबवलं आणि काही वेळ दोन्ही मुलींना तसंच बसू दिलं. अनुरागनं चष्मा काढून डोळे पुसले, रडणं लपवलं नाही.

पडदा पडल्यावर देवयानी रागानं गिरिजाकडे आली. "ताई, तिनं सीन खराब केला. ती गेल्यावर मी रडणार होते. घरी प्रॅक्टिस केली होती मी."

"मग तसंच रडायचंस की."

"ती जवळच बसली ना. मग रडूच येईना," देवयानी म्हणाली, आणि मुकुट गिरिजाच्या हातात देऊन समोशांच्या रांगेत पळाली.