फाटकाबाहेरचा फिटर

साहेब, ते इंजीन बळीरामनं मारलं नाही. तुम्ही मारलंत, आणि मारून त्याचा ठपका त्याच्या कपाळावर लावून मोकळे झालात.

भर वर्कशॉपात, आम्हा सगळ्या फिटर-टर्नरांच्या देखत तुम्ही त्याला म्हणालात, "बळीराम, तुझे हात गेले आता." गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणालात. बळीरामच्या हातात पाना होता. तो त्यानं आवाज न करता टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्याला स्टोअरच्या खिडकीत बसवलं. कालपर्यंत त्याला विचारल्याशिवाय नट न फिरवणारे लोक आता त्याच्या खिडकीवर हात पुसायचं सूत मागायला जाऊ लागले.

तुम्ही विसरला असाल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

त्र्याहत्तर साली ती गाडी तुमच्या धरमपेठेतल्या बंगल्यावर आली. विलायती, लाल, दोन शिटांची. कामठीच्या छावणीतला कोणी गोरा अधिकारी जाताना ती मागं टाकून गेला होता. मग कुणाच्या तरी गोठ्यात पडून राहिली, तिच्या शिटांवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तुम्हाला ती रस्त्यावर पळवायची होती. वर्कशॉपात सरकारी वेळेत ते करता येईना, म्हणून तुम्ही बळीरामला रविवारी बंगल्याच्या गॅरेजात बोलावलंत. साहेब हसून काम सांगतो तेव्हा त्याला नाही म्हणायची सोय आमच्याकडे नसते.

पण खरं सांगतो, बळीराम खुशीनं गेला. आदल्या उन्हाळ्यात त्याची बायको तुळसाबाई वारली होती. मुलगा भिलाईला, सुनेसकट. इंदोरा वस्तीतल्या त्याच्या दोन खोल्यांत बळीराम आणि एक पितळी पिंप, एवढंच उरलं होतं. मी एकदा म्हटलं, रविवारी तरी पाठ टेकवत जा, म्हातारा होऊन राहिला तू. तर म्हणाला, "घरी बसून काय करू गा? भाकर करतो त् एकट्यासाठी चूल पेटवायची लाज वाटते. तिथं इंजीन खोलून ठेवलं हाय, ते वाट त् पाहते."

वर्षभर तो ते इंजीन पुन्हा उभं करत होता. भाग मिळत नव्हते. कुठल्या तरी ट्रकचं बेअरिंग आणायचं, त्याला निळा रंग लावायचा, क्रँकचा दांडा त्यावर फिरवून पाहायचा, रंग जिथं घासला गेला तिथं नख फिरवावं तसं खरवडायचं, पुन्हा रंग, पुन्हा खरवड. कित्येक रविवार एकाच बेअरिंगवर गेले. तुमच्या घरातलं कुणी त्या गॅरेजात थांबत नसे. दुपारी तुमच्या आई, आम्ही सगळे त्यांना माय म्हणायचो, चहा पाठवायच्या. कप वेगळा होता, कान तुटलेला, खिडकीच्या गजाआड ठेवलेला. बळीराम तो धुऊन जागेवर ठेवायचा. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. मी बोलतोय.

खंडेनवमीचा दिवस. त्या सकाळी इंजिनाचा ब्लॉक टेबलावर पालथा होता. क्रँक जिथं बसते तिथं तेलाची बारीक छिद्रं असतात. पालथ्या ब्लॉकवर ती आभाळाकडं तोंड करून उघडी पडतात. बळीरामनं ती रॉकेलनं धुतली, हवेनं फुंकली, वर स्वच्छ फडकी दाबून ठेवली. त्याला घाई होती. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे दीक्षाभूमी. तुळसाबाई गेल्यापासून तो तिथं गेलाच नव्हता, यंदा पहिल्यांदा एकटा जाणार होता, आणि त्याआधी क्रँक बसवून टाकायची होती.

तेवढ्यात पूजेचं ताट आलं. खंडेनवमीला यंत्राची पूजा करायची ही तुमच्या घरची रीत, तिला माझी हरकत नाही. पण तुम्ही बळीरामला म्हणालात, पूजा होईस्तोवर जरा फाटकाबाहेर थांब. जरा म्हणजे किती, ते तुम्ही सांगितलं नाही. तो उन्हात, रस्त्यावर, तेलकट हात अंगापासून लांब धरून उभा राहिला. येणारे-जाणारे पाहत होते.

मग बोलावलं. फरशी झाडलेली, ब्लॉकच्या अंगाला हळदकुंकू, एक झेंडूचा हार. फडकी होती तशीच होती. त्यानं हार काढून खिळ्याला अडकवला, फडकी काढली, बेअरिंगं बसवली, क्रँक बसवली. पुन्हा फुंकलं नाही. काहून फुंकेल? सकाळीच फुंकलं होतं आणि झाकण त्याच्या हातचं होतं. अन् अक्षता म्हणाल, तर छप्पन साली त्याच्या घरातनं देव गेले तेव्हा अक्षताही गेल्या. इंजिनावर कुणी तांदूळ टाकेल हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

दिवाळीनंतर इंजीन सुरू झालं. मी तिथं होतो. बळीरामनं स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, "बोलून राहिलं." बायको गेल्यापासून त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

गाडीत दोनच शिटा. एकीवर तुम्ही बसलात, दुसरीवर तुमचे मुंबईचे पाहुणे. बळीराम फाटक उघडायला गेला.

काटोल रोडवर इंजीन ठोकायला लागलं, मग जाम झालं. संत्र्यांच्या ट्रकला दोर बांधून तुम्ही गाडी ओढत आणलीत, पाहुण्यांसमोर, सगळ्या धरमपेठेसमोर. तुमची शोभा झाली हे मान्य. त्या शोभेचं बिल तुम्ही दुसऱ्या सकाळी वर्कशॉपात बळीरामच्या नावावर फाडलंत.

बळीरामनं तुमच्याकडं एकच मागितलं, इंजीन मले एकदा खोलू द्या. तुम्ही गॅरेजला कुलूप लावलंत.

उन्हाळ्यात तुम्ही लग्नाला पुण्याला गेलात, तेव्हा तुमच्या नत्थू माळ्यानं आम्हाला निरोप दिला आणि गॅरेजचं कुलूप काढून दिलं. भर दुपारी गेलो, चोरासारखे गेलो नाही. बळीरामनं इंजिनाखालचं तेलाचं ताट सोडवलं, जळालेलं बेअरिंग काढलं आणि त्यामागच्या छिद्रात तार घातली. तारेबरोबर एक दाणा बाहेर आला. तेलानं काळा पडलेला, पण तांदूळ तो तांदूळच. तेलाची वाट त्यानं अडवली होती.

बळीरामनं दाणा तळहातावर घेतला. "फडकं त् होतं ना गा वर," तो म्हणाला.

नत्थूनं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. "भाऊ, फडकी साहेबानं उचलली व्हती. पूजेले मयकं फडकं नोको म्हने. मायच्या अक्षता टाकून झाल्या, मंग मायले म्हनाले, याले सांगू नोका, हा पुन्हा सारं धूत बसंन. अन् स्वताच्या हातानं होती तशी ठेवली."

ऐकलंत, साहेब? नत्थू तिथंच होता, ताट धरून.

मी बळीरामला म्हटलं, चल, हा दाणा सगळ्या वर्कशॉपला दाखवू. तो म्हणाला, पहिले त्यायलेच दाखवतो. तुम्ही परत आल्यावर तो रविवारी आला. धुतलेला सदरा, खिशात कागदाची पुडी. मी सोबत होतो. व्हरांड्यात माय वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "काय रे बळीराम, इतक्या दिवसांनी? त्या गाडीचं असं का झालं रे? मी तर इतक्या मनानं पूजा केली होती. माझ्याकडून काही चुकलं का?"

तुम्ही दारात उभे होता. चौकटीला हात लावून. बळीरामनं तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही बोलाल म्हणून तो थांबला, मीही थांबलो. तुमच्या आईही तुमच्याकडंच पाहत होत्या.

तुम्ही चौकटीचा रंग नखानं खरवडत राहिलात.

"तुमचं काही नाही चुकलं, माय," बळीराम म्हणाला. "जुनं यंत्र होतं. गेलं."

त्यानं वाकून नमस्कार केला, पायात चपला सरकवल्या आणि पायऱ्या उतरला. पुडी खिशातच राहिली. रस्त्यानं मी त्याला वाट्टेल ते बोललो. त्यानं एवढंच म्हटलं, "म्हातारी उरलेलं आयुष्य त्याच दाण्यापायी रडली असती गा. तिले कोन सांगंन?"

माय गेल्या मार्गशीर्षात वारल्या. आता कुणाला वाचवायचं उरलेलं नाही. बळीराम अजून खिडकीत बसतो. नवी पोरं सूत घेताना त्याच्याकडं पाहतही नाहीत. त्यांना सांगितलं गेलंय की म्हाताऱ्यानं साहेबाचं इंजीन जाळलं. तो सुताचे पेळू सारखे करतो, ज्याला त्याला देतो, आणि डबा खायला एकटाच लिंबाखाली जातो. या महिनाअखेर तो निवृत्त होतोय. तुम्ही आता मोठ्या खुर्चीवर आहात, पण त्या खुर्चीपासून वर्कशॉप काही लांब नाही.

जिथं उभं राहून तुम्ही त्याचे हात गेले म्हणालात, तिथंच येऊन, तेवढ्याच आवाजात, फडकी कुणी उचलली ते सांगाल का, साहेब? हो की नाही?