स्वयंपाकघरातला रिसीव्हर

शेवगावात योसेफ सरांच्या मोडेमसारखा मोडेम दुसरा झाला नाही. त्याने पहिल्यांदा नंबर फिरवून किंकाळी फोडली, तेव्हा तिकडे घोडेगावच्या बाजारात चौदा म्हशींनी दावी तोडली. सोळा सांगणारेही आहेत. पण उगाच खोटं कशाला बोला, चौदाच. मुलाचा, डॅनीचा, फोटो इंटरनेटवरून उतरू लागला की आधी कपाळ यायचं, आणि मिशा येईपर्यंत घरात दुधाचं दही व्हायचं.

सरांकडे एकाच लाईनवर दोन फोन. एक मोडेमपाशी, दुसरा स्वयंपाकघरात. दुसरा उचलला की नेट तुटायचं. लोकांच्या घरी त्यावरून भांडणं व्हायची. सरांच्या पत्नी हन्नाबाईंनी त्याची जेवणाची घंटा केली. दोघांनी मिळून प्रार्थना म्हटल्याशिवाय त्या घास मोडत नसत, आणि सर काही हाका मारून उठणारे नव्हते. मग शेवटची भाकरी टोपल्यात पडली की त्या रिसीव्हर उचलून त्यात म्हणायच्या, "भाकरी गार होतेय." आतलं नेट खाडकन पडायचं. सर ओरडायचे, "आलो, आलो!" तेवढ्यात पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं उमटायची. ती हन्नाचीच बोलणी, असं सर शपथेवर सांगत.

हन्नाबाई जाऊन दोन वर्षं झाली. मोडेम ज्या नंबराला साद घालायचा, तो तर त्याच्याही आधी बंद पडलेला. तरी सर रोज एक वाजता तो जुना कॉम्प्युटर लावत. पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई सांगायची, हा नंबर अस्तित्वात नाही. मोडेम तिचं ऐकायचा नाही. थांबून थांबून शीळ घालत राहायचा. मिनिटभराने तोही गप्प व्हायचा. मग सर उठून, प्रार्थना न म्हणताच, चार घास खात. एकट्याने म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

एका दुपारी लाईनमन अजिनाथ दारात उभा राहिला.

"सर, जुन्या तारा काडायच्यात समद्या. ह्या लायनीवर तुमी एकटंच राह्यलाय."

"मग राहू दे की एकट्याला."

"न्हाई जमायचं. आन् मोबाईल हाय की तुमाला."

"मोबाईल उचलला तर काही तुटतं का रे?"

अजिनाथ खांद्यावरची पिशवी उतरवू लागला. "एक वाजून जाऊ दे," म्हणत सर आत गेले.

अजिनाथ पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरला. फोन दिसला. जन्माची सवय; त्याने उचलून कानाला लावला. "हॅलो?"

आतली शीळ तुटली.

"आलो, आलो!"

सर हात धुऊन लगबगीने आले, ओले हात पुढे धरून. दारातच थांबले. अजिनाथच्या हातातल्या रिसीव्हरकडे बघत राहिले. बोटांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"चुकलं, सर."

"नाही रे. बरोबरच केलंस." सर खुर्चीवर टेकले. म्हणाले, "अजिनाथ, मी परत नंबर फिरवतो. एकदाच उचलशील? मग काढ तार."

"आन् बोलू काय?"

सरांनी सांगितलं आणि ते आत गेले.

अजिनाथने रिसीव्हर उचलला. कानात शीळ वाजली, थांबली, पुन्हा वाजली. बावीस वर्षं तारा जोडलेल्या माणसाने रिसीव्हर तोंडाजवळ धरला.

"भाकरी गार हुतीय, सर."

शीळ तुटली. या खेपेला "आलो" काही ऐकू आलं नाही. सर सावकाश आले, त्यांनी दोन ताटं घेतली, एक अजिनाथपुढे सरकवलं आणि डोळे मिटले. अजिनाथनेही हात जोडले. प्रार्थना दोन ओळींची झाली. इथे वाढवून सांगण्यासारखं काही नाही.

भाकरी खरंच गार झाली होती.

मग अजिनाथ खांबावर चढला. सर स्वयंपाकघरात रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. डायल टोन नेमका कुठे संपतो, ते त्यांना ऐकायचं होतं.