पेल्यावरचा हात

वॉलुंडा गावात माझं काम एकच. मालक मंडळींना पटवायचं, की बाबांनो, आपल्या माणसांना शिकवा. खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं, तंत्रशाळा तयार असते. मालकानं फक्त हो म्हणायचं आणि महिन्यातला एक आठवडा माणसाला सोडायचं. माझं आडनाव पाध्ये. गावानं पहिल्याच आठवड्यात त्याचं पॅडी केलं. माझं म्हणणं मात्र इतक्या झटपट कुणी मनावर घेतलं नाही.

नेव्हिल हॉबडेनं तर अजिबात नाही. शेतीचे पंप दुरुस्त करण्याचं त्याचं वर्कशॉप तालुक्यात सगळ्यांत मोठं. तिथं सुटे भाग विकायला काउंटरवर लिनेट असायची, चाळिशी ओलांडलेली. तिला फिटर व्हायचं होतं. उमेदवारीसाठी नाव द्यायची मुदत सोमवारी संपत होती, आणि पुढच्या तुकडीला शिक्षक मिळेल की नाही याची खात्री खुद्द तंत्रशाळेलाही नव्हती. म्हणून शुक्रवारी दुपारी मी नेव्हिलकडे शेवटचं जाऊन बसलो.

"शिकवलं की जास्त पगाराला खाणीत पळतात," तो म्हणाला.

"तुझं कोण पळालं?"

"माझं कुणी नाही. मी शिकवतच नाही ना."

यावर माझ्याकडे एक रंगीत तक्ता होता. तो त्यानं नीट पाहिला, रंग छान आहेत म्हणाला, आणि परत दिला.

संध्याकाळी सगळे नेहमीसारखे पबमध्ये जमले. इथं बारी असते. ज्याची बारी, त्यानं टेबलावरच्या सगळ्यांचे पेले भरून आणायचे. हिशेब कुणी लिहीत नाही आणि कुणी विसरतही नाही. फुकटचं पिऊन, स्वतःची बारी यायच्या आत घरी सटकलेला एक माणूस होता. तो वारल्याला बरीच वर्षं झाली, पण त्याच्या नातवाला अजून त्यावरून ओळखतात. नेव्हिलनं जन्मात बारी चुकवली नव्हती. अपेंडिक्स फुटायच्या बेतात असताना, इस्पितळाच्या वाटेवर गाडी थांबवून तो आपली बारी देऊन गेला होता.

तो उठला. "काय आणू? पॅडी, तुझा लिंबूसोडा. ग्वेन, तुझं नेहमीचंच?"

ग्वेन बारिलाचं ट्रेलर बांधायचं वर्कशॉप नेव्हिलच्या समोरच, रस्त्यापलीकडे. तिनं आपल्या रिकाम्या पेल्यावर हात ठेवला.

"मला नको."

"बरं नाही का तुला?"

"ठणठणीत आहे. तुझ्याकडून नको. तुझी आधीची बारी राहिलीय."

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. नेव्हिलचे कान लाल झाले.

"माझी? कधीची?"

"डार्सीला वेल्डिंग कुणी शिकवलं?"

"तू."

"आता तो वेल्डिंग कुठं करतो?"

"माझ्याकडे. पण तो आपणहून आला, ग्वेन."

"बिअरपण कुणी नरड्यात ओतत नाही, आपणहूनच पितो आपण. इतकी वर्षं आमच्या बारीवर पीत आलास, गड्या. तुझी बारी आली की म्हणतोस, लोक पिऊन पळून जातात."

बस-गॅरेजवाल्या ऑस्करनं छताकडे बघत आपल्या पेल्यावर हात ठेवला. "माझा इलेक्ट्रिशियनपण तुझ्याचकडे आहे," तो म्हणाला. "मी काही बोललो नव्हतो."

देव कुणाच्या मुखानं बोलेल, सांगता येत नाही. माझा पूर्वरंग इतकी वर्षं चालला होता आणि श्रोते घोरत होते. आख्यान लावायला ही ट्रेलरवाली उभी राहावी लागली.

नेव्हिलनं शेवटी माझ्याकडे पाहिलं. "पॅडी, तुझं तर मी काही घेतलं नाही."

ते खरं होतं. मला तहानही लागली होती. मी पेल्यावर हात ठेवला.

त्यानं आपला पेला खाली ठेवला. मग कोपऱ्यात गेला. तिथं लिनेट भिंतीवरच्या गोल फळीवर डार्टचे बाण मारत होती आणि आपण काही ऐकलंच नाही असं दाखवत होती.

"शिकायचं म्हणतेस."

"म्हणतेय केव्हाची."

"शिकून खाणीत जाशील?"

"नेव्हिल, मला तळघरात उतरायचीसुद्धा भीती वाटते."

"ग्वेनकडे जाशील?"

लिनेटनं ग्वेनकडे पाहिलं. "बोलावलं तर बघीन," ती म्हणाली. खोटं बोलण्यापैकी ती नव्हतीच.

नेव्हिलनं यावर विचार केला. "म्हणजे तेव्हा ग्वेन माझ्या बारीवर पिईल."

"हिशेबानं तसंच होतं," ग्वेन म्हणाली.

"मग ठीक आहे. पॅडी, कागद कुठायत?"

कागद माझ्या गाडीत होते. त्यानं टेबलावरच सही केली. कागद एका कोपऱ्यात बिअरनं भिजला, पण तंत्रशाळा अशा गोष्टींकडे बघत नाही. मग त्यानं सगळ्यांचे पेले भरून आणले.

"शिकून झालीस की ये," ग्वेन लिनेटला म्हणाली. "जागा ठेवते."

"येईल कशाला?" नेव्हिल म्हणाला. "तुझ्याकडची कॉफी कुत्रं पिणार नाही."

"आणि पगार?" लिनेटनं विचारलं.

दोघंही आपापल्या पेल्यात पाहू लागली.