उन्हाळी पानावरचा मातकट पक्षी

तिच्या घरातला दिवस टॉवेलच्या भांडणाने सुरू व्हायचा. न्हाणीघरात दोन खुंट्या आणि दोन टॉवेल होते, निळा नवऱ्याचा आणि तपकिरी सासऱ्यांचा. सासरे मात्र न चुकता हाताशी असलेल्या निळ्यालाच डोकं पुसून बाहेर यायचे.

"बाबा, परत माझा टॉवेल!"

"तुझा तिथे लोंबतोय की. हा माझा."

"लोंबतोय तो तपकिरी आहे. तपकिरी तुमचा!"

"हे बघ, तीस वर्षं चाळीस मीटरवर बसून लोखंडी तुळया बोटभर इकडेतिकडे न होता खाली ठेवल्यात मी. मला टॉवेल शिकवू नकोस."

सासरे जन्मभर क्रेन चालवून निवृत्त झालेले, नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. उंचीच्या बाबतीत बापापुढे आपलं काही चालत नाही, हे त्याने लहानपणीच मान्य केलं होतं. तो ओल्या टॉवेलला तोंड पुसून कामावर जायचा आणि ती दोघांनाही मनातल्या मनात हट्टी म्हणून भाकऱ्या थापत राहायची.

तिचं स्वतःचं दुकान चष्म्यांचं. घराच्या खालच्याच मजल्यावर, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, काउंटरखाली भिंगांची पेटी. गल्लीतल्या शेंबड्या पोरापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांचे डोळे तिने तपासलेले, फक्त सासरे तिच्या खुर्चीत कधी बसले नाहीत. "माझे डोळे तपासायचे तर माझ्या दुर्बिणीला विचार," म्हणायचे. दुर्बीण बिचारी काय सांगणार!

पक्ष्यांचं वेड तिला सासऱ्यांनीच लावलं. त्यांना स्वतःला ते क्रेनच्या केबिनमध्ये लागलं होतं. खाली माणसं मुंगीएवढी दिसायची आणि घारी मात्र शेजाऱ्यासारख्या खिडकीपाशी येऊन बघून जायच्या. लग्न करून आली तेव्हा तिला चिमणी आणि कावळा सोडून तिसरं नाव येत नव्हतं. आता गावातल्या पक्षीमंडळाचं उन्हाळी पान तीच तयार करायची.

हे पान म्हणजे एकच छापील कागद. ऊन तापायला लागलं की पहिल्या चार आठवड्यांत आसपासच्या सगळ्या भागात कुणाला काय वेगळं दिसलं ते त्यावर यायचं. नदीकाठापासून डोंगरापर्यंत लोक चिठ्ठ्या पाठवायचे. यंदा नावेवरच्या तिकीटवालीने कळवलं होतं की वेडे राघू वेळेआधी दहा दिवस आलेत आणि धक्क्याच्या तारेवर बसून तिच्याकडे फुकटे प्रवासी असल्यासारखे बघतात. दवाखान्यातल्या नर्सने हुदहुद्याची जोडी हिरवळीवर पाहिली होती. पेशंट खिडकीपाशी गर्दी करतात, कुणी पलंगावर राहत नाही, अशी तिची तक्रार होती. बेकरीवाल्याने गुलाबी मैनांचा थवा लिहिला होता, "अंदाजे दोनशे", आणि खाली बारीक अक्षरात, "मोजताना पाव करपले."

दुर्मिळ काही असलं तर मात्र नियम कडक होते. दिसल्याबरोबर, पुस्तक उघडायच्या आधी, वर्णन स्वतःच्या हाताने लिहायचं. पुस्तक उघडलं की माणसाला पुस्तकातलंच दिसायला लागतं. शिवाय दुसरा साक्षीदार हवा आणि तो नात्यातला चालत नाही. हा शेवटचा नियम खुद्द तिने केलेला. दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको एकमेकांचे गरुड मंजूर करत सुटले होते, तेव्हा.

आता तोच नियम तिच्याच गळ्यात पडला.

सोमवारी दुपारी सासऱ्यांनी काउंटरवर चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत होतं: "पहाटे साडेसहा. समोरच्या बंद बर्फ-कारखान्याची पडकी भिंत. मैनेपेक्षा किंचित लहान. ताठ बसतो, मधेच वाकून नमस्कार केल्यासारखा झुकतो. चोच लांब, बारीक. शीळ गोड, माणूस एकटा असताना घालतो तशी. बसण्याची ढब निळ्या कस्तुराची, पण निळा नाही. मातकट काळा, सगळीकडे एकसारखा, पोटावर खवले नाहीत. म्हणजे मादीही नाही. शिवाय कस्तूर थंडीबरोबरच जातो. अनोळखी. आपल्या भागात नवा."

"नवा?" तिने जपून विचारलं.

"सदतीस वर्षांत पाहिला नाही. म्हणजे नवाच." त्यांनी चिठ्ठी तिच्याकडे सरकवली. "पोरी, हे पानावर आलं नाही तर एक कर. माझी दुर्बीण मंडळाच्या मास्तरांकडे पोचती कर. माझं झालं मग."

ते हसत नव्हते. तिला गेल्या वर्षीचा स्वेटर आठवला. सदतीस वर्षांत एकही उन्हाळी पान त्यांच्या नोंदीशिवाय छापलं गेलं नव्हतं. गेल्या वर्षी पान छापून झाल्यावर मात्र त्यांनी पाण्याच्या टाकीवर घुबड पाहिलं, मंडळ दुर्बिणी घेऊन धावलं आणि घुबडाला बाह्या निघाल्या. लोक हसून विसरले, पण सासरे विसरले नाहीत. रविवारची नदीवरची फेरी त्यांनी सोडली. तेव्हापासून बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचे आणि कुणी विचारलं तर गुडघ्याचं नाव सांगायचे.

मंगळवारी ती चिठ्ठी घेऊन मंडळाच्या प्रमुखांकडे गेली. निवृत्त विज्ञानशिक्षक, सगळे त्यांना पुरावेमास्तर म्हणायचे, कारण बायकोने "भाजीत मीठ आहे" म्हटलं तरी ते पुरावा मागत. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"कावळ्याचं पिल्लू."

"कावळा शीळ घालत नाही, मास्तर."

"घुबडाला बाह्या असू शकतात, तर कावळा शीळही घालेल." मग तिचा चेहरा बघून जरा मऊ झाले. "हे बघा बाई, क्रेनवाले माझे जुने मित्र. पण असा एकरंगी मातकट पक्षी कुठल्या पुस्तकात नाही. शनिवारी बारा वाजता पान छापायला जातं. पुरावा आणा, पहिल्या ओळीत घेतो."

ती परत आली. बुधवारी सकाळी ओट्यापाशी उभी राहून तीच चिठ्ठी पुन्हा वाचत होती. आत न्हाणीघरात नेहमीचा तमाशा चालू झाला.

"बाबा, हा निळा!"

"कुठला निळा? हा काय निळा आहे? दोन्ही मातकट!"

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचा हात हलेना. दोन्ही मातकट. अगं बाई! जगाचे डोळे तपासते मी आणि घरातले मोतीबिंदू मला टॉवेलने सांगावे लागतात! मोतीबिंदू जुना झाला की डोळ्यातलं भिंग पिवळं, मग तपकिरी होत जातं. सगळ्यात आधी निळा रंग मरतो. माणसाला कळतही नाही, कारण रंग हळूहळू जातो.

भाकरी तशीच टाकून ती खाली दुकानात पळाली. रंगीत काचांच्या नमुन्यांतून सगळ्यात गडद पिवळट-तपकिरी काचा काढल्या, तपासणीच्या जाड चौकटीत दोन-दोन बसवल्या, चौकट नाकावर चढवली आणि पुन्हा वर येऊन नवऱ्याच्या हातातल्या निळ्या टॉवेलकडे बघितलं. टॉवेल चिखलाच्या रंगाचा झाला होता.

"अगं, काय झालं तुला?" नवरा म्हणाला.

"काही नाही. तुम्ही आज तपकिरीला पुसा. आणि बाबांना काही बोलू नका."

मास्तरांना तिने त्यांच्याच दारात ती चौकट घातली. "आता तुमच्या शर्टाकडे बघा."

मास्तरांनी आपल्या लख्ख निळ्या शर्टाकडे बघितलं, चौकट वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. "हा पुरावा आहे की जादूचे प्रयोग?"

"अर्धा पुरावा आहे. त्यांनी पुस्तकातून उतरवलं असतं तर निळा लिहिलं असतं ना? निळा माहीत असूनही 'निळा नाही' लिहिलं. जे दिसलं तेच लिहिलं त्यांनी. उरलेला अर्धा पुरावा समोरच्या भिंतीवर बसतो. साक्षीदार नात्यातला चालत नाही, म्हणून तुम्ही या."

गुरुवारी मास्तर पहाटे सहाला हजर झाले. सासऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली, पण एक शब्द बोलले नाहीत. तिघं चहा घेत भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर एक मांजर आलं, आळस देऊन गेलं. शुक्रवारी नुसतीच खार आली. मास्तर म्हणाले, "खार नोंदवू का?" सासरे म्हणाले, "तुम्हाला कावळ्याचं पिल्लूच वाटेल ते." बोलणं सुरू झालं, हेही काही कमी नव्हतं. पण दुपारी तिने पाहिलं, सासरे दुर्बीण मऊ फडक्याने पुसून जुन्या डब्यात ठेवत होते. पट्टा नीट गुंडाळून. कुणाला द्यायची वस्तू ठेवतात तशी.

शनिवारी साडेसहा वाजून गेले, पावणेसात झाले. मास्तरांनी घड्याळ बघितलं. दुर्बीण डब्यातून निघाली नव्हती. सासऱ्यांनी ती डब्यासकट मांडीवर धरली होती.

आणि शीळ आली. एकट्या माणसाची, आपल्यासाठीच घातलेली. कारखान्याच्या पडक्या कोपऱ्यावर तो येऊन ताठ बसला, वाकला, पुन्हा ताठ झाला. सकाळचं ऊन नुकतंच भिंतीवर चढत होतं आणि पक्षी डोक्यापासून शेपटीपर्यंत निळा होता. निळा कस्तूर. आपल्या सगळ्या भावंडांना पुढे पाठवून दोन महिने मागे राहिलेला, कुणास ठाऊक कशासाठी.

मास्तरांनी घाईने दुर्बीण डोळ्यांना लावली. "उन्हाळ्यात!" ते पुटपुटले. "इथे कधी नाही. कुणीच नाही पाहिला."

सासऱ्यांनी डबा उघडला, दुर्बीण लावली. "दिसला ना? मातकट. मी काय म्हणत होतो? आता सांगा कोणता."

तिने मनात चार दिवस वाक्यं रचली होती, त्यातलं एकही आता तोंडात येईना.

तेव्हा मास्तरांनी तिच्याकडून ठेवून घेतलेली ती जाड चौकट खिशातून काढली, डोळ्यांवर घातली. "तुमच्यासारखं बघतो, क्रेनवाले. हां, मातकट. अगदी चिठ्ठीत लिहिलाय तसा." चौकट काढली. "आणि आता निळा." पुन्हा घातली. "मातकट." पुन्हा काढली. "निळा."

पक्षी दोनदा वाकला.

"काचा कुणाच्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"माझ्या दुकानातल्या, बाबा."

"माझ्या डोळ्यात अशा बसल्यात?"

"हो."

"किती निळा आहे?"

तिने विचार केला. आभाळ, समुद्र, मोर, सगळं मनात येऊन गेलं, पण काही उपयोगाचं नव्हतं. ते सगळं त्यांना मातकटच दिसत असणार.

"टॉवेलसारखा," ती म्हणाली.

"कुठल्या टॉवेलसारखा?"

"तुम्ही रोज वापरता त्या."

आधी त्यांचे खांदे हलले. तिला वाटलं, रडतायत. मग आवाज फुटला आणि ते हसत सुटले, इतके की भिंतीवरचा पक्षी उडाला आणि मास्तर "अहो हळू, हळू" करत त्यांच्या पाठीवर थोपटायला लागले.

"म्हणजे तो बिचारा रोज खरं बोलत होता!" सासरे डोळे पुसत म्हणाले. "आणि मी त्याला तुळया ऐकवत होतो!"

पान बारा वाजता छापायला गेलं. पहिल्या ओळीत नोंद होती, क्रेनवाल्यांच्या नावावर अडतिसावी, साक्षीदार पुरावेमास्तर. रंगाच्या जागी काय लिहायचं यावरून मात्र दोन मित्रांची खूप हुज्जत झाली. मास्तर म्हणत "निळा". सासरे म्हणत, मी पाहिलं ते मी लिहिणार, नाहीतर नियम कशाला? शेवटी छापलं, "निळा. प्रथम पाहणाऱ्यास मातकट." मंडळात कुणी हसलं नाही. उलट तिकीटवालीने निरोप पाठवला की आपल्याही वेड्या राघूंचा हिरवा रंग जरा तपासून घ्यावा लागेल, दुकान कधी उघडं असतं?

ऑपरेशनला सासरे स्वतःहून तयार झाले. अट एकच, पहिला डोळा उघडेल तेव्हा कारखान्याची भिंत समोर हवी. पण तोपर्यंत कस्तूर निघून गेला होता, आणि भिंतीवर तेच आळशी मांजर होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले. "हे पिवळं आहे?" म्हणाले. "बरंच बरं दिसतं की."

मग न्हाणीघरात गेले. ती आणि नवरा बाहेर उभे राहिले, श्वास रोखून.

"पोरी!" शेवटी हाक आली. "ह्या खुंटीवर हे घाणेरड्या रंगाचं काय लोंबतंय?"

"तुमचा टॉवेल, बाबा."

"हा? हा मला कुणी आणला?"

"तुम्हीच निवडलात," नवरा आनंदाने ओरडला. "दुकानात उभं राहून!"

मग दार किलकिलं झालं आणि डोकं पुसत सासरे बाहेर आले, खांद्यावर निळा टॉवेल.

"आता मला दिसतंय," ते म्हणाले, "आता तर हा मी देणारच नाही."