रुळावरून कोणी उतरायचं?

मी एक जुनी नोरी आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने फार चौकस आहे. नोरी म्हणजे रुळावरून धावणारी बांबूची गाडी. खाली रणगाड्याची जुनी चाकं, त्यांवर दिवाणाएवढं बांबूचं फळकूट आणि मागे पाणी उपसायच्या पंपाचं इंजिन, एवढाच माझा पसारा. ठोकून बसवलेलं जवळजवळ काहीच नाही, सगळं एकावर एक ठेवलेलं. बांबू कुजले की बदलतात, इंजिन तर कितीदा बदललं. मग मी म्हणजे नेमकी कोण, बांबू की चाकं? हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

बत्तंबांग शहराकडचा आमचा रूळ एकेरी. युद्धानंतर आगगाडी क्वचितच फिरकायची, म्हणून गावकऱ्यांनीच आम्हाला बनवलं. तांदूळ, कोंबड्या, मोटारसायकली, नटलेले नवरदेव, सगळे माझ्यावर बसून गेले. माझी मालकीण नारेत. येणाऱ्याला ती आधी "भात खाल्लात का?" असं विचारी आणि मग कुठे, कशाला, कोणाकडे, सगळं गोडीगुलाबीने काढून घेई. मी कान देऊन ऐकत असे.

समोरून दुसरी नोरी आली, तर जिच्यावर ओझं कमी तिने रुळावरून उतरायचं. माणसं खाली उतरत, दोन्हीकडचे लोक मिळून फळकूट आणि चाकं बाजूला ठेवत, दुसरी पुढे गेली की पुन्हा रचत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडलेलाही मी पाहिला नव्हता. कोसाल नावाचा नोरीवाला तर त्याबाबतीत इतका पक्का की तो कोंबड्यासुद्धा मोजायचा.

एकदा ऐन पावसाळ्यात नारेतने माझ्यावर चटई अंथरली आणि गावातल्या बोफाला निजवलं. बोफा बाळंतपणाच्या कळांनी सकाळपासून तळमळत होती. मूल आडवं आलं होतं. गावच्या सुईणीने हात टेकले आणि शहराच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. उशाशी तिची आई बसली. आम्ही निम्म्या वाटेवर आलो, तोच समोरून कोसाल आला. त्याच्या नोरीवर तांदळाची पोती आणि पोत्यांवर बाजाराहून परतणारी माणसं.

"तुम्ही तिघी. आमची नुसती पोतीच बघा," तो म्हणाला. "उतरा."

"दादा, हिला उठवता येत नाही. मूल आडवं आहे," नारेत म्हणाली.

"मग मी काय पोती पाण्यात टाकू?"

तो खोटं बोलत नव्हता. रुळाच्या दोन्ही बाजूंना शेतं भरून गेली होती.

बोफाची आई शांतपणे म्हणाली, "मोजा ना. माझी लेक मोजा, तिच्या पोटातलं मोजा. मोजून झालं की सांगा, यातलं कोण पाण्यात ठेवू ते."

बोफा कण्हली. तशी कोसालने पाण्यात उडी मारली आणि कमरेएवढ्या चिखलात उभा राहून तो म्हणाला, "सगळे खाली या. हिला नोरीसकट उचलू."

माझं इंजिन काढलं. बोफासकट माझं फळकूट वर उचललं, चाकं काढून कोसालच्या नोरीच्या पलीकडे रुळावर मांडली. मग माणसं पाण्यातून मला घेऊन निघाली. जन्मभर मी माणसं वाहिली होती. माणसांच्या खांद्यावरून जग कसं दिसतं ते तेव्हा कळलं. मध्येच एकाचा पाय रुतला आणि मी कलले. बोफा घसरू लागली. कोसालने त्या कोपऱ्याखाली डोकं घातलं.

"पाय रोवा रे, घाई नको," तो धापा टाकत म्हणाला. "पोरी, बांबू धरून ठेव."

मला चाकांवर ठेवलं, इंजिन पुन्हा बसवलं. नारेतने इंजिनाची दोरी ओढली आणि आम्ही सुटलो.

स्टेशनावरून बोफाला दवाखान्यात नेलं. मी तिथेच राहिले. आत काय झालं असेल? संध्याकाळी नारेत एकटीच परतली. तिचा चेहरा ओढलेला होता. बांबूला कोण सांगणार, म्हणून ती काहीच बोलली नाही.

परतीच्या वाटेवर कोसाल दिसला. तो शहराकडे निघाला होता. सोबत माणसं होती, भोपळ्यांच्या टोपल्या होत्या. आमच्याकडे एकटी नारेत, म्हणजे उतरायचं आम्ही. पण त्याची नोरी रुळावर नव्हतीच. फळकूट एकीकडे, चाकं एकीकडे, माणसं आणि भोपळे रुळाकाठच्या कोरड्या उंचवट्यावर. कितीतरी वेळ ते तसेच थांबले असावेत.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"मुलगी. दोघी बऱ्या आहेत," नारेत म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

"बरं," कोसाल म्हणाला. "जा आता. घरचे वाट बघत असतील."

आता मोठी आगगाडी परत धावू लागली आहे आणि मी स्टेशनामागे पडून आहे. मित्रांनो, माझ्यावर खुशाल खेळा, फक्त पावसात मला छपराखाली ओढा, बांबू लवकर कुजतो. आणि अरुंद वाटेवर समोरून कोणी आलं, तर कोणी उतरायचं हे ठरवण्याआधी एवढं विचारा, काय घेऊन निघालात? मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.